पाटीवर नाही ती

अडतीस वर्षं मी जालन्यात पाणी सोडलं.
म्हणजे पाणी माझं नव्हतं, चावी माझी होती:
कमरेएवढी, लोखंडी, टी आकाराची.
दर नवव्या-दहाव्या दिवशी मी एकेका गल्लीचा देव,
मधले दिवस तिचाच चोर.

आता सकाळी साडेपाचला येऊन बसतो
ओढ्याकाठच्या ह्या दोन एकराच्या उद्यानात.
गेटवर मुनाफ पेंटरनं रंगवलेली पाटी,
'येथे आढळणारे पक्षी', एकूण चोवीस.
त्यात रोहितसुद्धा आहे, एका पायावर,
चोच जराशी पोपटाच्या वळणाची.
मुनाफभाई, हा कधी आला होता इथं?
"आया नै तो क्या हुआ काका,
गुलाबी का डब्बा बचा था."

ओढा कसला, वरच्या चार वस्त्यांचं सांडपाणी.
पण मला पाणी कानानं कळतं,
दाब किती, हवा कुठं धरलीय.
पुलाखालच्या नळकांड्यात ते घळ्ळ करतं
आणि पुढं बाभळीच्या मुळ्यांत येऊन
आवाज बसल्यासारखं बोलतं.

वंचक नंबर लावून उभा, घागर नसलेला.
खंड्या बंद कॅमेऱ्याच्या वायरवर.
शेकाट्याचे पाय म्हणजे
एमआयडीसीतल्या भट्टीतून आत्ताच ओढलेल्या
दोन तांबड्या सळया,
चिखलात बुडवतो तरी वाफ निघत नाही.
ओपन जिमच्या सायकलीखाली धामण राहते.
तिच्यामुळं बायका त्या सायकलीवर बसत नाहीत
आणि तिच्यामुळंच ती सायकल अजून नवी आहे.

पाटीवर नाही ती पाणकोंबडी.
पांढरी छाती, बुडाखाली विटकरी डाग,
बेशरमाच्या दाटीत घर.
आषाढात चार पिल्लं घेऊन निघाली,
काजळाच्या डबीत बोट घालून
चार ठिपके काढावेत तशी.
मुनाफला म्हटलं, हिला घे.
म्हणाला, काळा संपलाय.

मंगळवारी जेसीबी आला.
बेशरम काढायचं, काठ सिमेंटचा करायचा, ऑर्डर होती.
ड्रायव्हर अंबडकडचा पोरगा, अंगद नावाचा,
सीटवर डबा उघडून मेथीची भाजी खात होता.
मी त्याला पाखरांचं काही सांगितलं नाही.
म्हटलं, जेवून घे बाबा सावकाश,
पण इथं खालून मेन लाइन गेलीय, अडीचशेची.
दात लागला की अर्धं गाव महिनाभर कोरडं.
आणि लोक तुझं नाव विचारतील, माझं नाही.

त्यानं पोळी तशीच डब्यात ठेवली आणि फोन लावला.

दुपारी बिडवे मॅडम आल्या. उदगीरच्या, नवीन.
बॉनेटवर नकाशा पसरला, चार कोपऱ्यांवर चार खडे.
"काका, ह्यात तर लाइन दिसत नाही."
नकाशात पुष्कळ गोष्टी दिसत नाहीत, मॅडम.
हे मात्र खरं होतं.
नव्या वस्त्या, जुने जोड, कुणी रात्रीत मारलेलं भोक,
सगळं अडतीस वर्षं माझ्याच डोक्यात राहिलं,
कुणी कागदावर उतरवून घेतलं नाही.

घरून चावी आणली,
निवृत्तीच्या दिवशी जमा करायची राहून गेलेली.
टोक जमिनीत रोवलं, दांड्याला कान लावला.
गळती अशीच ऐकतात, त्यांनाही माहीत होतं.
जेसीबी बंद. मॅडम श्वास धरून.

खाली काही नव्हतं.
काळी माती, मुरूम, एखादी प्लास्टिकची पिशवी.
आणि बाजूला, हातभर अंतरावर, बेशरमात,
कुवाक्. कुवाक्.
मग चार बारीक आवाज, सुईनं शिवल्यासारखे.

मी कान काढला नाही लगेच.

चालू आहे, म्हणालो.

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं, मग झुडपाकडं.
वाकून नकाशावर, ओढ्याच्या कडेकडेनं,
निळ्या पेन्सिलीनं एक रेघ ओढली.
जरा वाकडीच आली,
बेशरमाला वळसा घालून.